वाहतुकीच्या वाटेने वाढलेली कंपनी

पालघर जिल्ह्यातून उत्तर-दक्षिण अशा दोन मोठ्या वाटा जातात. एक पश्चिम रेल्वेची. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने १८६० च्या दशकात गुजरातकडून मुंबईकडे आणलेल्या या लोहमार्गावरच डहाणू, बोईसर आणि पालघर ही गावे वाढली आणि शहरे झाली. दुसरी वाट मुंबई-अहमदाबाद महामार्गाची. अनेक वर्षे ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणून ओळखली जात होती, आता तिचा क्रमांक ४८ आहे. हा महामार्ग रेल्वेच्या पूर्वेला बराच आतून, तलासरी, चारोटी, मनोर असा जातो आणि वर सांगितलेल्या तिन्ही शहरांना बगल देतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे आठ तालुके या दोन वाटांभोवती असमान विखुरले आहेत. वसई, पालघर, डहाणू आणि तलासरी त्यांच्या जवळचे. वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा मात्र पूर्वेकडे सह्याद्रीच्या अंगाला. उत्तर-दक्षिण वाटेवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हजारो कोटी रुपये खर्च झाले, आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांच्या खड्ड्यांसाठी दर पावसाळ्यात मोर्चे निघाले. या विषमतेचे कारण आपण सहसा सरकारी अनास्थेत किंवा ठेकेदारांच्या लबाडीत शोधतो. माझे म्हणणे असे की त्याचे मूळ रस्ते बांधणाऱ्या कंपन्या कशा वाढल्या, यात आहे. रस्त्याचे पैसे कोणी दिले, कधी दिले आणि किती वर्षांनी दिले, हे पाहिल्याशिवाय पालघरचा नकाशा उलगडत नाही. हे पाहण्यासाठी एका मराठी कुटुंबाने उभ्या केलेल्या कंपनीचा इतिहास फार उपयोगी पडतो. ही कंपनी म्हणजे डोंबिवलीच्या म्हैसकर कुटुंबाची आयआरबी. याच महामार्गाचा दहिसर ते सुरत हा टप्पा तिने सहा पदरी केला आणि एका तपाहून अधिक काळ त्यावर टोल घेतला.

आयडियल रोड बिल्डर्स ही मूळ कंपनी १९७७ मध्ये स्थापन झाली. संस्थापक दत्तात्रय म्हैसकर. त्या काळात रस्त्याच्या ठेकेदाराचा धंदा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. सार्वजनिक बांधकाम विभाग अंदाजपत्रक करी, निविदा निघे, ठेकेदार अनामत रक्कम भरून दर देई आणि सर्वांत कमी दराला काम मिळे. मग खडी, मुरूम, डांबर, रोलर आणि मजूर हे सारे ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने उभे करायचे. शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंदी घेणार, त्यावरून देयक बनणार, ते उपअभियंता आणि कार्यकारी अभियंत्याच्या सह्यांमधून पुढे सरकणार आणि निधी आला तर मार्चअखेर पैसे मिळणार. त्यातूनही सुरक्षा ठेव कापून घेतली जाई, ती दोषदायित्वाची मुदत संपल्यावर परत. डांबर मात्र रोखीने घ्यावे लागे आणि मजुरांचा हप्ता दर आठवड्याला चुकवावा लागे. म्हणजे ठेकेदाराचे खरे भांडवल यंत्रात कमी आणि थांबण्याच्या ताकदीत जास्त असे. हा धंदा कुटुंबांच्याच हाती का राहिला, याचे उत्तर इथे मिळते. एक भाऊ साइटवर, दुसरा कचेरीत, घरची जमीन किंवा दागिने तारण आणि पैसे येईपर्यंत कुणी वाटा मागायचा नाही, ही शिस्त भागीदारीत टिकत नाही, कुटुंबात टिकते. महाराष्ट्रात याची परंपरा जुनी आहे. वालचंद हिराचंदांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटे घेऊन सुरुवात केली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी केली. धंद्याचे सूत्र मात्र तेच राहिले: आधी स्वतःचा पैसा घाला, मग सरकारकडून मोजून घ्या.

याच काळात बोईसर-तारापूर पट्ट्याचे रूप बदलत होते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र. पाठोपाठ सत्तरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत आखली आणि रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने तिथे आले. किनाऱ्यालगतच्या मच्छीमार आणि बागायतदारांच्या मुलखात अवजड मालाची वाहतूक सुरू झाली. कच्चा माल येणार, तयार माल जाणार, आणि दोन्हींना मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठायचा, तो पूर्वेला चिल्हार फाट्याला. एरवी माणसे रेल्वेने जात-येत. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत पोचल्यावर तर नोकरदारांचा सगळा भर रुळांवरच आला. रस्त्यावर उरला तो माल. रस्त्याचा हिशेब करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. ज्या भागात माणसे रुळांवरून आणि माल रस्त्यावरून जातो, तिथे रस्त्याच्या अवस्थेचा त्रास सर्वांना होतो, पण रस्त्याची किंमत मोजू शकणारा ग्राहक फक्त मालवाहतूकदार असतो. औद्योगिक वसाहतीच्या आतले रस्ते महामंडळ बांधे, बाहेरचे सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद. या सगळ्या कामांवर स्थानिक ठेकेदार, खडीच्या खाणींचे चालक आणि डंपरमालक पोसले गेले. पण त्यातून मोठी रस्ता कंपनी निर्माण झाली नाही, कारण मोजमाप आणि बिलाच्या पद्धतीत कामाचा आकार वर्षाच्या अंदाजपत्रकापलीकडे वाढतच नाही.

ही मर्यादा मोडली ती नव्वदच्या दशकात. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात १९९५ मध्ये दुरुस्ती होऊन खासगी कंपनीला महामार्ग बांधून त्यावर शुल्क घेण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागले आणि १९९६ मध्ये राज्याने रस्ते विकास महामंडळ स्थापन केले. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वाचे लघुरूप, बीओटी, याच सुमारास मराठी वृत्तपत्रांत रुळले. ठाणे-भिवंडी वळणरस्ता हा देशातल्या सुरुवातीच्या बीओटी प्रकल्पांपैकी एक, आणि तो म्हैसकरांच्या कंपनीने केला. बदल वरवर छोटा दिसतो. पूर्वी ठेकेदार सरकारकडून पैसे घेई, आता रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडून घेणार. त्याचा परिणाम मात्र खोल होता. सरकारी देयकाची वाट पाहणारा ठेकेदार वर्षभर थांबतो. वाहतुकीवर विसंबणारा पंधरा वर्षे थांबतो. वर्षभर थांबायला घरची पत पुरते, पंधरा वर्षे थांबायला बँक लागते. आणि बँक कर्ज देताना ठेकेदाराने रस्ता किती चांगला बांधला यापेक्षा त्या रस्त्यावरून रोज किती ट्रक जातात आणि उद्या किती जातील, हे आधी विचारते. म्हणजे ज्या क्षणी कुटुंबाच्या जागी वाहतूक हे कर्जाचे तारण झाले, त्या क्षणी कंपनीच्या वाढीची दिशाही ठरून गेली. तिला जिकडे ट्रक आहेत तिकडेच जावे लागणार होते.

पुढच्या घटना याच दिशेने घडल्या. आयआरबी इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपर्स ही कंपनी १९९८ मध्ये नोंदली गेली. दत्तात्रय म्हैसकरांचे पुत्र वीरेंद्र तिचे नेतृत्व करू लागले. २००४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग यांची देखभाल आणि टोलवसुली पंधरा वर्षांसाठी या समूहाकडे आली. त्यासाठी रस्ते विकास महामंडळाला ९१८ कोटी रुपये आगाऊ देण्यात आले. हा व्यवहार नीट पाहावा. द्रुतगती मार्ग कंपनीने बांधलेला नव्हता, तो महामंडळाने बांधून घेतला होता. कंपनीने विकत घेतली ती पुढच्या पंधरा वर्षांची वाहतूक. ज्या विशेष कंपनीच्या नावे हा करार झाला तिचे नाव म्हैसकर इन्फ्रास्ट्रक्चर होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्येक रस्त्यासाठी वेगळी कंपनी, त्या रस्त्याचे कर्ज त्याच कंपनीच्या डोक्यावर आणि बांधकाम व देखभालीचे काम मूळ समूहाकडे, अशी ही रचना होती. एक रस्ता बुडाला तर सगळे घर बुडू नये, यासाठी ती होती. घरगुती ठेकेदारीत नेमकी हीच सोय नसते. तिथे एका कामाचे बिल अडकले की पुढच्या कामाचे डांबर अडते. २००८ च्या आरंभी समभाग विक्रीला काढून कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा कुटुंबाची पत मागे सरून तिच्या जागी बाजारातली पत येण्याची प्रक्रिया बरीच पुढे गेली होती.

पालघरशी या कंपनीचा संबंध येतो तो २००९ मध्ये. त्याआधी सुवर्ण चतुष्कोन योजनेत मुंबई-दिल्ली मार्गाचे चौपदरीकरण झाले होते. त्यातला मनोर ते सुरत हा टप्पा आशियाई विकास बँकेने २००० मध्ये मंजूर केलेल्या कर्जाच्या आधाराने उभा राहिला. चौपदरी रस्ता लवकरच अपुरा पडला, कारण न्हावाशेवा बंदर आणि मुंबई यांना गुजरात, राजस्थान व दिल्लीशी जोडणारी मालवाहतूक याच वाटेने जाते. मग सुरत ते दहिसर या २३९ किलोमीटरच्या सहापदरीकरणाचे कंत्राट बारा वर्षांच्या मुदतीने आयआरबीला मिळाले. प्रकल्पखर्च अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात होता. शिवाय टोलच्या उत्पन्नातला ३८ टक्के वाटा सुरुवातीपासून प्राधिकरणाला द्यायचा होता. म्हणजे सरकार या रस्त्यासाठी पैसे देत नव्हते, घेत होते. चारोटी आणि खानिवडे हे टोलनाके महाराष्ट्राच्या हद्दीत, बोरियाच आणि भगवाडा गुजरातेत. या रस्त्याचा जवळपास निम्मा भाग आजच्या पालघर जिल्ह्यातून जातो. वाहतुकीवरचा हा भरवसा किती जोखमीचा होता, तेही दिसले. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये देशभर राष्ट्रीय महामार्गांवरील टोल तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला, आणि २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा थांबला. तरीही हा धंदा उभा राहिला, कारण या वाटेला पर्याय नव्हता. मुंबईकडे येणारा ट्रक चारोटी टाळून दुसरीकडून येऊ शकत नव्हता.

आता याच जिल्ह्यातले आडवे रस्ते पाहू. बोईसर ते चिल्हार, पालघर ते मनोर, मनोरहून विक्रमगड, विक्रमगडहून जव्हार, पुढे मोखाडा. यांवरून जाणारे लोक बहुतेक जिल्ह्यातलेच. रुग्णालयात जाणारे, बाजाराला जाणारे, आश्रमशाळेत पोरे सोडणारे, भात कापून झाल्यावर वीटभट्टीवर किंवा मुंबईकडे रोजगाराला निघालेले. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी इथल्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले, तेव्हाही पाड्यांपर्यंत वाहन पोचत नाही हे एक कारण पुढे आले होते. आजही पावसाळ्यात गरोदर बाईला झोळीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या येतात. या रस्त्यांची गरज जीवनमरणाची आहे, पण त्यांवर पंधरा वर्षांचे कर्ज कोणी देणार नाही, कारण त्यांवरून जाणाऱ्यांकडून ते वसूल होणे शक्य नाही आणि उचितही नाही. म्हणून हे रस्ते जुन्या पद्धतीत, अंदाजपत्रक आणि मार्चअखेरच्या बिलात, अडकून राहिले. एका जिल्ह्यात दोन वेगळ्या काळांचे अर्थकारण शेजारी शेजारी चालू आहे. महामार्गावर नव्वदनंतरचे, आणि त्याला काटकोनात जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर १९७७ चे.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येईल. पूर्वेकडे डोंगर, मध्ये सूर्या, पिंजाळ आणि वैतरणा या नद्या, पश्चिमेला खाड्या. अशा मुलखात आडवा रस्ता अवघड आणि खर्चीकच असणार. यात तथ्य आहे. पण भूगोल हे रस्ता न होण्याचे कारण असेल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला बोरघाटात बोगदे पाडून जाता आले नसते. नद्या महामार्गालाही ओलांडाव्या लागतातच, वैतरणा आणि सूर्या या दोन्हींवर त्याचे पूल आहेत. फरक असा की पुलाचा खर्च भरून निघेल इतकी वाहतूक एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. भूगोल खर्च ठरवतो, खर्च करायचा की नाही हे वसुलीची खात्री ठरवते. महत्त्वाचे म्हणजे जव्हारचा घाट १९७७ मध्ये जितका उंच होता तितकाच आजही आहे, पण महामार्ग मात्र या काळात दोन पदरांवरून सहा पदरांवर गेला. जो घटक बदललाच नाही तो बदलाचे कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बोईसर-चिल्हार रस्त्यावरून तर तारापूर वसाहतीचे शेकडो टँकर आणि ट्रक जातात. मग तो आडवा असूनही तिथे मोठी कंपनी का आली नाही? याचे उत्तर अंतरात आणि ग्राहकात आहे. जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरच्या तुकड्यावर टोल बसवला तर तो रोज भरणार स्थानिक कारखानदार, रिक्षावाले, दुकानदार आणि शेतकरी. लांबच्या ट्रकचालकाला टोल हा प्रवासाच्या खर्चाचा एक भाग वाटतो, स्थानिक माणसाला तो आपल्याच दारात बसवलेला उंबरठा वाटतो. कोल्हापुरात हेच घडले. तिथे शहरांतर्गत रस्त्यांचा प्रकल्प रस्ते विकास महामंडळाने आयआरबीला बीओटीवर दिला, पण प्राध्यापक एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली शहर वर्षानुवर्षे टोलविरुद्ध उभे राहिले आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला तो रद्द करावा लागला. महामार्गावर यशस्वी झालेली तीच कंपनी आणि तीच पद्धत शहरात टिकली नाही. पालघरमध्ये मनोर-वाडा-भिवंडी हा रस्ता बीओटीवर दिला गेला, तिथेही टोल बसला, खड्डे राहिले, अपघात झाले, आंदोलने झाली, आणि शेवटी टोल थांबून रस्ता पुन्हा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या गळ्यात आला. २०१५ मध्ये राज्य सरकारने बारा टोलनाके बंद केले आणि त्रेपन्न नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली, तेव्हा राज्याने एकप्रकारे मान्य केले की स्थानिक वाहतूक हा टोलचा पाया होऊ शकत नाही. म्हणून बोईसर-चिल्हारचे रुंदीकरण शेवटी औद्योगिक विकास महामंडळाच्या पैशाने करावे लागले. माझ्या म्हणण्याला हा अपवाद नाही, पुरावा आहे. आडव्या रस्त्याला पैसे देणारा सार्वजनिक धनी मिळाला, तेव्हाच तो रुंद झाला.

तिसरा आक्षेप सर्वांच्या ओठांवर असतो: रस्त्याच्या धंद्यात राजकीय वजनाशिवाय कोणी मोठे होत नाही, मग पैशाच्या मुदतीचे हे विवेचन कशाला? राजकारणाचा संबंध नाकारण्यात अर्थ नाही. निविदेच्या अटी, मुदतवाढी आणि नुकसानभरपाई हे सारे निर्णय सरकारी असतात. पण राजकीय जवळीक हे स्पष्टीकरण फार ढोबळ आहे, कारण ते सर्वांनाच लागू होते आणि म्हणून कोणाचे काय झाले हे सांगू शकत नाही. खुद्द म्हैसकर कुटुंबातच याची कसोटी पाहता येते. वीरेंद्र यांचे बंधू जयंत म्हैसकर यांनी एमईपी ही वेगळी कंपनी उभी केली. तिचा भर मुख्यतः टोलवसुलीवर होता. दहिसरसह मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरची वसुली २०१० मध्ये या कंपनीला सोळा वर्षांसाठी मिळाली आणि त्यासाठी तिने २१०० कोटी रुपये आगाऊ मोजले. दहिसरचा नाका म्हणजे पालघरहून मुंबईत शिरण्याची वेस. एकच घर, एकच राज्य, एकच धंदा, जवळपास तोच काळ. पुढे एमईपी कर्जात अडकली, २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. दोन्ही कंपन्यांच्या नशिबातला फरक जवळीक समजावून देऊ शकत नाही. तो समजतो रचनेतून. एकीकडे बांधकाम, देखभाल आणि वसुली एकत्र, शिवाय आंतरराज्य मालवाहतुकीचा आधार. दुसरीकडे प्रामुख्याने वसुली, आणि तीही महानगराच्या दारावर, जिथे रोजचा प्रवासी नाराज होतो आणि सरकारला कधीतरी त्याचे ऐकावे लागते.

चौथा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. महामार्गावर इतका पैसा ओतला तर तो तरी निर्दोष आहे का? नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या एका सहप्रवाशाचा मृत्यू झाला. चालकावर गुन्हा दाखल झाला, पण पुलापाशी रस्ता तीन पदरांवरून दोनवर येतो आणि सूचनाफलक पुरेसे नाहीत, याचीही देशभर चर्चा झाली. त्यापूर्वी आणि नंतरही या पट्ट्यात अपघात होत राहिले, त्यांत बळी गेलेल्या स्थानिक पादचाऱ्यांची नावे राष्ट्रीय वृत्तपत्रांत आली नाहीत. पुढे प्राधिकरणाने दहिसर ते अच्छाड या १२१ किलोमीटरच्या डांबरी पृष्ठभागावर काँक्रीटचा थर देण्याचे काम काढले आणि त्या काळातल्या वाहतूककोंडीने लोक हैराण झाले. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, धार देतो. वाहतुकीवर वाढलेली कंपनी आणि वाहतुकीतून वाटा घेणारे प्राधिकरण या दोघांनाही रस्त्याचा जो भाग उत्पन्न देतो तो आधी दिसतो. करारात न लिहिलेला पूल, गावाजवळचा भुयारी मार्ग, सेवारस्ता आणि पादचाऱ्याची ओलांडणी यांना उत्पन्न नसते. ते करारात सक्तीने लिहावे लागतात, आणि लिहिणारा सरकारशिवाय दुसरा कोणी नसतो.

कंपनीच्या पुढच्या वाटचालीने या इतिहासाचा शेवटचा टप्पा दाखवला. २०१७ मध्ये आयआरबीने देशातील पहिला नोंदणीकृत पायाभूत सुविधा गुंतवणूक न्यास बाजारात आणला आणि सुरत-दहिसरसह सहा रस्ते त्यात घालून सुमारे पाच हजार कोटी रुपये उभे केले. चारोटीच्या टोलनाक्यावर जमणाऱ्या पैशाचा हिस्सा आता कुठल्याही गुंतवणूकदाराला विकत घेता येऊ लागला. संस्थापक दत्तात्रय म्हैसकरांचे २०१८ मध्ये निधन झाले. २०२० मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुन्हा याच समूहाकडे आला, या वेळी ८२६२ कोटी रुपयांना. आणि २०२१ मध्ये स्पेनच्या फेरोव्हियल समूहातील सिंट्रा आणि सिंगापूर सरकारचा जीआयसी निधी यांनी कंपनीत मोठी भागीदारी घेतली. कुटुंबाचा हिस्सा सुमारे एक तृतीयांशावर आला. चव्वेचाळीस वर्षांत कंपनीचा धनी बदलत गेला. आधी सरकारी बिल, मग बँक, मग शेअर बाजार, मग परदेशी निधी. प्रत्येक पायरीवर पैसा अधिक काळ थांबू शकणारा होता आणि रस्त्यापासून अधिक दूर बसलेला होता. म्हैसकरांच्या कर्तृत्वाला यात कमीपणा नाही. एका मराठी कुटुंबाने डांबर-खडीच्या धंद्यातून जगभरच्या भांडवलाला पटेल अशी संस्था घडवली, ही महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातली मोठी गोष्ट आहे. पण माद्रिद किंवा सिंगापूरच्या गुंतवणूकदाराला विक्रमगडच्या रस्त्याचे काही देणेघेणे असावे, ही अपेक्षा चुकीची ठरेल. त्याने वाहतूक घेतली आहे, जिल्हा नाही.

मग आडव्या रस्त्यांचे काय? त्यांना लागणारी थांबण्याची ताकद टोलमधून येणार नसेल तर ती सरकारी तिजोरीतूनच यायला हवी, पण जुन्या मार्चअखेरच्या पद्धतीने नव्हे. याची बीजे आपल्याकडेच आहेत. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते, आणि आदिवासी भागात २५० लोकवस्तीची वाडीही पात्र ठरते. वाडीला पात्र ठरवताना तिथून किती ट्रक जातात हे कोणी विचारत नाही, माणसे किती राहतात हे विचारतात. राज्याने पुढे हायब्रिड ॲन्युइटी पद्धत स्वीकारली, तिच्यात खर्चाचा साठ टक्के भाग बांधकामाच्या काळात आणि उरलेला दहा वर्षांत हप्त्यांनी द्यायचा असतो. म्हणजे बीओटीमधली दीर्घ जबाबदारी ठेवायची आणि टोलच्या जागी सरकारी हप्ता आणायचा. हे तत्त्व योग्य आहे. ते टिकते तेव्हाच, जेव्हा हप्ता वेळेवर मिळतो. २०२५ च्या आरंभी राज्यभरातील कंत्राटदारांच्या संघटनांनी थकलेल्या देयकांसाठी कामबंद आंदोलन केले, तेव्हा या व्यवस्थेचा कच्चा दुवा उघडा पडला. मोठी कंपनी थकबाकी सोसते, न्यायालयात किंवा लवादात जाते. पालघर किंवा विक्रमगडचा छोटा ठेकेदार सोसू शकत नाही. तो पुढच्या कामात डांबर कमी टाकतो, साइडपट्टी सोडून देतो, मोरी अरुंद करतो, किंवा धंदाच सोडतो. ज्याला आपण निकृष्ट काम म्हणतो त्याचा काही भाग लबाडीचा असतो हे खरे, पण बराच भाग उशिरा आलेल्या पैशाचा असतो, आणि तो उशीर कार्यालयात होतो.

या जिल्ह्याची पुढची कसोटी जवळच आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग जिल्ह्यातून जात आहे, बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही स्थानके होणार आहेत. बंदरापासून महामार्गापर्यंत नवा रस्ता होईल. तो आडवा असेल आणि चांगलाही असेल, कारण त्यावरून कंटेनर जातील. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे बंदराविषयीचे आक्षेप हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. रस्त्यांपुरते बोलायचे तर इतक्या भांडवलात जिल्ह्याला आपला वाटा मागण्याची ही वेळ आहे. बंदर, द्रुतगती मार्ग आणि महामार्ग यांच्या करारांतच जिल्ह्यातील आडव्या रस्त्यांच्या बांधणीसाठी आणि देखभालीसाठी ठराविक वाटा लिहून घ्यावा, जसा महामार्ग प्राधिकरणाने सुरत-दहिसरच्या टोलमधून स्वतःसाठी ३८ टक्के लिहून घेतला. ज्या पैशाला उत्तर-दक्षिण वाहायची सवय आहे, त्याला पूर्वेकडे वळवण्याचे काम कुठलीही कंपनी आपणहून करणार नाही, आणि तिने करावे अशी अपेक्षाही योग्य नाही. महामार्गाचा करार पुढच्या दोन दशकांचा नकाशा ठरवतो. मागच्या वेळी तो करार झाला तेव्हा पालघर जिल्हाच अस्तित्वात नव्हता. आता तो आहे, त्याला स्वतःचे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि लोकप्रतिनिधी आहेत, आणि करार लिहिले जात असताना या सर्वांनी हजर राहून आपले कलम घालून घेणे, हेच या इतिहासातून निघणारे सर्वांत व्यावहारिक शहाणपण आहे.